नवरदेव, इकडं बघू नका!

लग्न लागताना पाचशे माणसं ज्या क्षणासाठी माना उंचावून बसलेली असतात, तो क्षण त्यांना कधीच दिसत नाही. अंतरपाट खाली येतो, वाजंत्री सुरू होते, अक्षता उडतात आणि पाचशे माणसांना दिसतो तो एक काळा टी-शर्ट, मागच्या बाजूने. त्यावर स्टुडिओचं नाव आणि खाली मोबाइल नंबर. हा टी-शर्ट ज्याच्या अंगात असतो त्याला आमच्या वाईत सगळे 'डायरेक्टर' म्हणतात. कुणाचा आहेर काय आला हे घरचे विसरतात, शालू कुठल्या रंगाचा होता यावर दोन मतं पडतात, पण तो नंबर अर्ध्या तालुक्याला तोंडपाठ आहे.

डायरेक्टरने आजवर एकही सिनेमा केलेला नाही. मेणवलीच्या घाटावर 'स्वदेस'चं शूटिंग झालं तेव्हा दोरीच्या अलीकडे उभ्या असलेल्या गर्दीत तोही होता. त्या दिवशी तो दोन गोष्टी शिकून आला. एक, 'सायलेन्स!' असं सगळ्यांत मोठ्याने आपणच ओरडायचं. दोन, एकच गोष्ट सात वेळा करायला लावायची. लग्नात या दोन्ही गोष्टी चालत नाहीत, हे त्याला अजून पटलेलं नाही.

धंद्यात तो आला लाइट धरायला. ते दिवस व्हीएचएसचे. खांद्यावर पॅनासॉनिकचा धूड कॅमेरा घेऊन मालक पुढे, हजार वॉटचा हॅलोजन उंच धरून हा मागे, त्याच्या मागे वायर आणि वायरीत पाय अडकलेली करवली. त्या लाइटच्या झळीने नवरीचं कुंकू नाकाच्या शेंड्यापर्यंत यायचं. पंगतीवर लाइट फिरला की बायका पदर तोंडाला लावायच्या आणि पुरुष हातातला घास तसाच धरून ताठ व्हायचे. 'इकडं बघा!' हे त्या काळाचं ब्रीदवाक्य. ई-१८० कॅसेटमध्ये तीन तास मावायचे, म्हणून लग्नही तीन तासांचं. मग कॅसेट मिक्सिंगला पुण्याला जायची आणि तिथून नवरी कमळातून उमलत, नवरदेव चंद्रातून उगवत आणि दोघं मिळून एका बदामात गरगरत परत यायची.

२००८ साली कॅननचा फाइव्ह-डी मार्क-टू निघाला. दिसायला फोटोचा कॅमेरा, पण फुल एचडी व्हिडिओ काढायचा आणि सेन्सर मोठा असल्यामुळे समोरचा माणूस लख्ख ठेवून मागचं सगळं धूसर करायचा. जगभरच्या लग्नवाल्यांना त्याने वेड लावलं. ते वेड पसरणी घाट चढायच्या आधी आमच्याकडे थांबलं, आणि डायरेक्टरच्या दुकानावरची 'व्हिडिओ शूटिंग' ही पाटी उतरून 'वेडिंग सिनेमॅटोग्राफी' अशी चढली. आकडाही चढला. ब्रीदवाक्य मात्र उलटं झालं. "नवरदेव, इकडं बघू नका! तिकडं बघा. लांब बघा. कायतरी आठवल्यासारखं करा." नवरदेवाला अशा वेळी हॉलचं उरलेलं भाडं आठवतं आणि चेहऱ्यावर हवा तो गंभीर भाव आपोआप येतो.

याला कँडिड म्हणतात. कँडिडची व्याख्या मी एकदा डायरेक्टरलाच विचारली. "मी सांगीन तसं करायचं, पण मी सांगितलंय असं दिसू द्यायचं नाही," तो म्हणाला. याहून नेमकी व्याख्या माझ्या वाचनात नाही.

त्याच्या दुकानात लग्न ठरवून आलेल्या पार्टीची बैठक बघण्यासारखी असते. मुलगा-मुलगी मोठ्या टीव्हीवर कुणाची तरी साडेतीन मिनिटांची फिल्म बघत असतात. तिच्यात सगळं संथ चाललेलं असतं; केस संथ उडतात, हळद संथ लागते, एरवी तुफान मेलसारखी बोलणारी मावशीसुद्धा संथ हसते. मुलीचे वडील पेन काढून बसलेले असतात.

"ट्रॅडिशनल एक, कँडिड एक, सिनेमॅटिक दोन, ड्रोन, क्रेन, एलईडी वॉल, प्री-वेडिंग, टीझर, हायलाइट, करिझ्मा अल्बम," डायरेक्टर एका दमात म्हणतो.

"म्हणजे माणसं किती येणार?"

"नऊ."

"आणि जेवायला?"

"नऊच. तुमच्याकडनं जास्तीचं काय नको."

इथे मुलीच्या वडिलांनी विचारायचे प्रश्न वेगळेच असतात. पहिला म्हणजे, साडेतीन मिनिटांची चटणी सगळ्यांचीच झणझणीत असते. एका लग्नाची अख्खी फिल्म दाखवा. हॉलच्या जांभळ्या दिव्यात माणसं माणसांसारखी दिसतात का, भटजींचा आवाज ऐकू येतो का, जेवणाच्या पंगतीत कॅमेरा कुणाच्या कानामागे किती वेळ रेंगाळतो, हे तिच्यात कळतं. दुसरा प्रश्न, तुम्ही स्वतः येणार का? डायरेक्टरच्या टेबलावर दाते पंचांग असतं आणि तो ते भटजींपेक्षा बारकाईने वाचतो. मुहूर्त दाट असलेल्या दिवशी त्याच्याकडे तीन लग्नं असतात. मग वाईत तो, भुईंजला त्याचा मेहुणा आणि पाचवडला मेहुण्याचा मित्र, ज्याने मागच्याच महिन्यात कॅमेरा हातात धरलेला असतो. टी-शर्ट मात्र तिघांच्याही अंगात एकच. म्हणून कोण येणार त्याचं नाव पावतीवर लिहून घ्यावं. डायरेक्टर लिहून देतो. अट एवढीच की विचारावं लागतं.

आमच्याकडचे वकीलकाका, निवृत्त झाले तरी कायद्याने त्यांना सोडलेलं नाही, पावती उलटी करून मागची बारीक अक्षरं वाचणारे पहिले गृहस्थ. मागे छापलं होतं, 'चित्रीकरणाचे सर्व हक्क स्टुडिओकडे राहतील.' काकांनी चष्मा कपाळावर नेला. "कॉपीराइट कायदा, १९५७, कलम १७. पैसे देऊन फिल्म करून घेतली, तर पहिला मालक पैसे देणारा. करारात वेगळं ठरलं नसेल तर. तू हळूच वेगळं ठरवतोयस."

"काका, ते छापखान्यातनं तसंच येतं," डायरेक्टर म्हणाला.

पण प्रश्न छापखान्याचा नव्हता. मागच्या मोसमातल्या एका नवरीचं पाठवणीतलं रडणं, ती सासरी पोचायच्या आत इन्स्टाग्रामवर पोचलं होतं. तिच्या नणंदेने तिला माप ओलांडायच्या आधी मोबाइलवर ते दाखवलं. गाणं छान लावलं होतं, अशी तिची तक्रार नव्हे, शाबासकी होती. पुढे आमच्या भाचीच्या लग्नात काकांनी पावतीवर हाताने ओळ लिहिली : 'घरच्यांना विचारल्याशिवाय काही कुठे टाकणार नाही.' डायरेक्टरने खाली सही केली आणि वर "विचारलं की टाकू ना?" असं विचारलंच.

गाण्यांचं कलमही काकांनीच सांगितलं. लग्नात, वरातीत गाणी वाजवायला कायद्याची आडकाठी नाही. कलम ५२ मध्ये लग्नाच्या समारंभाला तशी मोकळीक आहे. पण तीच गाणी फिल्मला चिकटवून यूट्यूबवर चढवली की ती मोकळीक संपली. म्हणूनच आमच्याकडच्या कैक वराती इंटरनेटवर मुक्याने नाचताना दिसतात. तीस जण घामाघूम, नवरदेवाचा मित्र जमिनीवर नागीण होऊन लोळतोय आणि आवाज म्हणून काही नाही. पहिल्यांदा बघणाऱ्याला वाटतं, गावात कसली तरी साथ आली असावी.

लग्नाच्या दिवशी डायरेक्टरचं खरं शत्रुत्व असतं ते गुरुजींशी. एका बोहल्यावर दोन अधिकारी. गुरुजींनी मुहूर्त काढलेला बारा सत्तावीसचा. डायरेक्टर आभाळाकडे बघून म्हणतो, "गुरुजी, ऊन डोक्यावर येतंय. डोळ्यांखाली सावल्या पडतात. साडेपाचला लावूया की."

"ग्रहांना विचारून बघतो," गुरुजी म्हणतात.

यात डायरेक्टरचं म्हणणं अगदीच खोटं नाही. संध्याकाळचं उतरतं ऊन चेहऱ्यांना बरं दिसतं. त्यावर उपाय मुहूर्त हलवण्याचा नाही. संध्याकाळी दोघांना अर्धा तास मोकळं ठेवायचा आहे. पण त्या अर्ध्या तासात नवरा-नवरी रिसेप्शनच्या रांगेला हात जोडून उभी असतात आणि डायरेक्टर गच्चीवर ऊन उतरताना एकटाच बघत असतो.

गुरुजींची आणि डायरेक्टरची खरी गाठ परवा एका लग्नात सप्तपदीला पडली. नवरी पुढच्या तांदळाच्या राशीवर पाऊल ठेवत चाललेली, शेल्याच्या गाठीने ओढलेला नवरदेव मागे, आणि दोघांच्या पुढ्यात गिंबल धरून डायरेक्टर खेकड्याच्या चालीने उलटा सरकतोय. एक, दोन, तीन. चौथ्याला होमाचा धूर डोळ्यांत गेला, पण थांबला नाही. सहावं पाऊल पडलं आणि त्याने हात वर केला. "थांबा! थांबा, ताई. बॅटरी."

नवरी थांबली. नवरदेवाचा उचललेला पाय उचललेलाच राहिला. गुरुजींचा मंत्र अर्ध्यात. हॉलमध्ये अशी शांतता पसरली की मागच्या बाजूला जिलबी तळल्याचा आवाज यायला लागला. पहिल्या रांगेतून वकीलकाका उठले.

"हिंदू विवाह कायदा, १९५५, कलम ७," ते हॉलला उद्देशून म्हणाले. "सातवं पाऊल पडलं की विवाह पूर्ण आणि बंधनकारक. सध्या सहाच पडलीत. कुणाला फेरविचार करायचा असेल तर एवढी बॅटरी बदलेपर्यंत वेळ आहे."

नवरदेवाने एका पायावर तोल सांभाळत नवरीकडे पाहिलं. नवरी म्हणाली, "पाय खाली ठेवा, नाहीतर मोजण्यात घोळ होईल." सातवं पाऊल पडलं. डायरेक्टरने "मस्त!" म्हणून अंगठा दाखवला आणि लगेच विचारलं, "गुरुजी, वरनं ड्रोनसाठी एकदा परत पहिल्यापासून घ्यायचं का?" गुरुजी काय म्हणाले ते कुठल्याही वेदात नाही.

ड्रोन त्याच्या खास जिवाचा. "दोनशे एकोणपन्नास ग्रॅम," तो सराफाच्या आवाजात सांगतो. २०२१च्या ड्रोन नियमांत २५० ग्रॅमपर्यंतच्या ड्रोनला पायलटचा परवाना लागत नाही, हे त्याला पाठ आहे. विमानतळासारख्या लाल टापूत मात्र तोही विनापरवानगी उडवता येत नाही, हे वाक्य त्याला सलग आठवत नाही. वाईत विमानतळ नाही म्हणून निभावतं. ड्रोनची गंमत वरातीला आहे, नदीकाठच्या देवळाच्या शिखरावरून आहे. पण तो मंगलाष्टकांच्या वेळी मांडवावर घोंघावायला लागला की शेवटच्या कडव्यातलं 'सावधान' कुणालाच ऐकू जात नाही आणि अर्ध्या अक्षता नवरा-नवरीऐवजी ड्रोनच्या दिशेने जातात. लहान मुलांचा नेम त्यात चांगला असतो.

आवाज ही डायरेक्टरची जुनी दुखती बाजू. चित्र काढण्यासाठी नऊ माणसं आणि आवाज टिपायला कुणी नाही. आमच्या आत्याने भाचीच्या लग्नात दोन महिने जुळवलेला उखाणा घेतला. अकरा ओळींचा, त्यात कृष्णा नदी, ढोल्या गणपती, जावयाची नोकरी आणि चुलतसासऱ्यांचं गुडघ्याचं ऑपरेशन, सगळं यमकात बसवलेलं. फिल्ममध्ये आत्याचे ओठ हलतात, डोळे चमकतात, बायका हसून एकमेकींवर पडतात आणि वर बासरी वाजते. आत्याने डायरेक्टरला दुकानात गाठून सगळा उखाणा परत ऐकवला. "आता भर," म्हणाली. तेव्हापासून तो नवरदेवाच्या शेरवानीला छोटा माइक लावतो आणि साउंडवाल्याच्या मिक्सरमधून एक वायर आपल्या रेकॉर्डरला घेतो. पण हे पॅकेजात लिहिलेलं नसतं. 'आवाज कुठनं घेणार?' असं विचारणारी पार्टी आली की तो आधी दचकतो आणि मग खुर्ची पुढे सरकवतो.

माणसं ओळखण्याचंही तसंच. कॅमेऱ्याला सोयरीक कळत नाही. एका लग्नात तलम धोतर, कोल्हापुरी फेटा आणि मिशीला पीळ असा एक रुबाबदार गृहस्थ त्याने पंधरा वेळा टिपला. स्लो मोशनमध्ये हसताना, पान लावताना, डोळे पुसताना. फिल्म आल्यावर दोन्ही घरं एकमेकांना विचारत होती, हे तुमच्याकडचे का? तो केटररचा मुकादम निघाला. डोळे कांद्याने पाणावलेले. त्याच लग्नात मुलीला लहानाचं मोठं केलेली मावशी एका कोपऱ्यात धूसर झालेली, आणि ज्या मामाने मुलीला बोहल्यावर आणलं त्याचा फक्त उजवा खांदा. यावर इलाज साधा आहे. ज्यांच्याशिवाय हे लग्न म्हणता येणार नाही अशा दहा-बारा जणांची यादी करायची आणि घरातला एक माहीतगार पोरगा दिवसभर डायरेक्टरच्या बगलेत उभा करायचा. "ही मावशी. हे मास्तर. ही आजी, लवकर घे, ती तीनला झोपते."

त्या पोराने आणखी एक काम करावं. टीमला मुहूर्ताआधी जेवायला बसवावं. नाहीतर सगळ्या पंगती उठल्यावर त्यांच्या पानात गार भात आणि मठ्ठ्याचा तळ येतो. डायरेक्टर तक्रार करत नाही. पण शूटिंगवाला उपाशी असला की फिल्ममध्ये जिलबीचे क्लोज-अप फार येतात.

एक मात्र खरं, लग्नातलं त्याच्याइतकं कुणाला कळत नाही. त्याच्या सॅकमध्ये लेन्सच्या शेजारी सेफ्टी पिना, काडेपेटी, कुंकवाची डबी आणि क्रोसिन असते. नव्या दमाचे गुरुजी घाईत पुढे सरकले की तो कॅमेऱ्यामागून हळूच म्हणतो, "गुरुजी, कानपिळी राहिली," आणि नवरीच्या भावाला दंडाला धरून पुढे आणतो. पाठवणीला बाप नेमका कुठल्या खांबाआड जाऊन उभा राहणार, हे बापाच्या आधी त्याला ठाऊक असतं. तिथे तो कॅमेरा नेतो, थोडा वेळ घेतो, आणि मग कुणी न सांगता खाली करतो.

लग्न संपलं की दुसरं पर्व सुरू होतं. त्याचं नाव रेंडर. फोरकेमध्ये तासाला पंचेचाळीसएक जीबी, दोन कॅमेरे सहा-सहा तास चालले की पाचशेच्या वर. "हार्ड डिस्क पार्टीची," हे तो ॲडव्हान्स घेतानाच सांगतो. शहाण्या पार्टीने एकाऐवजी दोन द्याव्यात, कॅमेरा एकाच वेळी दोन कार्डांवर लिहितो का ते विचारावं, आणि पैशांचा शेवटचा हप्ता फिल्म हातात पडेपर्यंत खिशातच ठेवावा. कारण तुळशीच्या लग्नापासून आषाढापर्यंत डायरेक्टरला शूटिंगमधून सवड नसते आणि चातुर्मासात एडिटिंगला मूड नसतो. "झालंच आहे, रेंडरला टाकलंय," हे वाक्य आमच्याकडे एवढं रुळलंय की नगरपालिकासुद्धा रस्त्याबद्दल ते वापरते. भाचीच्या लग्नाची फिल्म तिच्या डोहाळजेवणाच्या दिवशी आली. डायरेक्टर स्वतः घेऊन आला, ओटीचा नारळ उचलायच्या आत बारशाचं बुकिंग करून गेला.

गेल्या श्रावणात त्याच्या दुकानात बसलो होतो. बाहेर पाऊस, आत त्याने एक जुनी व्हीएचएस उघडून ठेवलेली. टेपवर पांढरी बुरशी चढली होती आणि तो ती कापसाने हलक्या हाताने पुसत होता. हल्ली हे काम त्याच्याकडे बरंच येतं. जुन्या कॅसेटी पेन ड्राइव्हवर करून द्यायच्या. त्या दिवशीची कॅसेट घेऊन आलेले गृहस्थ पन्नाशीचे, सोबत बायको. चित्र लागलं. चंद्रातला नवरदेव आला तशी बायको म्हणाली, "पुढे घ्या." बदाम गरगरत आला. "पुढे घ्या." मग पंगत आली. एक नऊवारीतली म्हातारी वाकून वरण वाढत होती, लाइट डोळ्यांवर आला तशी कॅमेऱ्यावर डाफरली, "आधी मालकाला जेवायला बसव, मग फोटू काढ!" आणि पुढच्या पानाकडे गेली. "इथं थांबवा," गृहस्थ म्हणाले. तेवढाच तुकडा त्यांनी चार वेळा पाहिला. म्हातारी चारही वेळा तितकीच डाफरली.

ते गेल्यावर डायरेक्टर कापूस टाकत म्हणाला, "सगळे असेच. बदाम कुणालाच नको असतो. पंचवीस वर्षांनी नवरा-नवरी बघायला कोण येत नाही. ती दोघं घरातच असतात की. येतात ते जी घरात राहिली नाहीत त्यांच्यासाठी. आणि ती सगळी पंगतीत, कोपऱ्यात, मागं. आपण आता मागचं ब्लर करतो."

मी म्हटलं, "मग हे तू लग्न ठरवून येणाऱ्या पोरांना सांगत का नाहीस? एक साधा कॅमेरा दिवसभर पंगतीत फिरू दे, आवाज नीट घ्या, म्हाताऱ्यांना दोन वाक्यं बोलतं करा. साडेतीन मिनिटांच्या सोबत ते तीन तासही मागून घ्या. एवढंच तर आहे."

डायरेक्टरने कॅसेटचे स्क्रू एकेक करून पिळले आणि माझ्याकडे दयेने पाहिलं.

"आणि मग ड्रोनचा हप्ता कोण भरणार, तुम्ही?"